साडूभाऊ फ्लॅट बघतात

आमच्या साडूभाऊंना फ्लॅट घ्यायचा आहे. मुलीच्या बारशाला घ्यायचा होता, आता मुलगी नोकरीला लागली, अजून घ्यायचाच आहे. नवा मात्र नको. नव्या टॉवरमध्ये म्हणे जिम असते, तलाव असतो, योगासनांना वेगळी गच्ची असते, फक्त कपाट टेकवायला भिंत नसते. त्यांना जुना हवा. ऐंशीच्या दशकातला, उंच, लिफ्टचा, प्रभादेवी ते माहीम या पट्ट्यातला, पलंग टाकल्यावरही माणसाला चालायला जागा उरेल असा. अशी माणसं मुंबईत गल्लोगल्ली आहेत. कुणाच्या ऑफिसात असतात, कुणाच्या वॉकिंग ग्रुपात. आमच्या नशिबी ती सासुरवाडीकडून आली.

दर रविवारी सकाळी फोन येतो, ‘‘अहो, येताय ना? एक चांगला आलाय.’’ स्थळ आल्यासारखंच बोलतात. बरोबर टेप, टॉर्च, एक गोटी आणि प्लास्टिकची फाइल. गोटी लादीवर सोडून उतार बघायला. फाइलमध्ये त्यांनी नाकारलेल्या फ्लॅटांची टिपणं असतात, आणि ती ते देवघरातल्या पोथीइतकी जपतात.

अशाच एका रविवारची इमारत प्रभादेवीची, अठरा मजली. एजंट लिफ्टचं दार धरून उभा, ‘‘सर, ओनर वाट बघतायत.’’ साडूभाऊ तिकडे ढुंकूनही बघेनात. ते नोटीस बोर्डाला नाक लावून उभे. फ्लॅटचा मालक खोटं बोलेल, एजंट तर बोलेलच, पण नोटीस बोर्ड बोलत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. आणि खरं सांगतो, त्या काचेआड सोसायटीची अख्खी कुंडली होती. थकबाकीदारांच्या यादीत खजिनदाराचंच नाव. टाकी सफाईची सूचना, तारीख दोनदा खोडून पुढे ढकललेली. ‘कबुतरांना दाणे टाकू नयेत’ या टाइप केलेल्या सूचनेखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं, ‘आधी सातव्या मजल्याला सांगा’. त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘सातवा मजला मेंटेनन्स वेळेवर भरतो’. साडूभाऊंनी या तिन्ही ओळी उतरवून घेतल्या. मग अग्निसुरक्षेचा फॉर्म बी शोधला. ‘‘जुलैचा आहे. जानेवारीचा कुठाय? वर्षातून दोनदा भरायचा असतो.’’ एजंटने लिफ्टचं दार सोडलं.

वर गेलो. दार एका आजींनी उघडलं. मुलगा परदेशात, म्हणून विकायचा. हॉल खरोखर प्रशस्त, भिंती जाड, आणि खिडकीत इमारतींच्या फटीतून समुद्राची एक निळी पट्टी. एजंट उत्साहाने, ‘‘सी व्ह्यू, सर!’’

‘‘तोच तर वांधा आहे,’’ साडूभाऊ म्हणाले आणि बीमवर बोटांची पेरं आपटू लागले. मग एजंटला, मला आणि आजींना व्याख्यान. खारी हवा भेगांतून आत शिरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. बाहेरून रंग कितीही लावा. असं म्हणत त्यांनी टॉर्च बेडरूमच्या छतावर मारला आणि तिथे स्थिर केला. सगळं छत पिवळट, मधला एक चौकोन पांढराशुभ्र. ‘‘एवढाच तुकडा का रंगवला हो?’’ आजी म्हणाल्या, ‘‘वरच्यांच्या बाथरूमचं होतं थोडं. आता नाही. चहा घेणार ना?’’ चहा घेतला. चहा नाकारून तपास करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

मेहुणी एव्हाना स्वयंपाकघर, कपडे वाळत घालायची जागा आणि शेजारणीचा स्वभाव या तिन्हींचा निकाल लावून सोफ्यावर बसली होती. तिचं ‘घेऊया’ मला स्पष्ट दिसत होतं. ते दर वेळी दिसतं.

खरी मैफल रंगली ती सेक्रेटरींच्या घरी. बिचारे बनियनवर होते, शर्ट घालून आले. साडूभाऊंनी फाइल उघडली. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे? विषय ओसीचा निघाला की ते वरळीच्या कॅम्पा कोला आवारात जाऊन येतातच. तिथले वरचे मजले परवानगीशिवाय चढले होते, आणि घेणाऱ्यांना त्याची किंमत २०१४ साली मोजावी लागली. पहिला करार १० डिसेंबर १९८५च्या आधीचा की नंतरचा? म्हणजे त्यावर मुद्रांक शुल्काची भानगड आहे की नाही? तीस वर्षं उलटली, स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेलच, श्रेणी कोणती? सेक्रेटरी म्हणाले, ‘‘सी-टू-बी.’’ म्हणजे डागडुजी करा, पण घरं रिकामी करायची गरज नाही. ‘‘मग सिंकिंग फंडात किती आहेत?’’ इथे सेक्रेटरी पाणी प्यायले. हा फंड दर वर्षी बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का जमा करायचा असतो. पण खर्च कधीचा? इमारत बांधली तेव्हाचा! १९८२च्या सिमेंटच्या भावाने जमवलेल्या पैशात आज अठरा मजल्यांची परांची बांधणंही कठीण. मग ट्रान्सफर फी. ‘‘नियमाने पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही,’’ साडूभाऊ. ‘‘आम्ही कुठे घेतो? सभासद ऐच्छिक देणगी देतात,’’ सेक्रेटरी. ‘‘नाही दिली तर?’’ ‘‘आजवर असं झालं नाही.’’

एवढी माहिती असलेला माणूस निर्णय का घेत नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडायचा. खाली उतरून उसाचा रस पिताना त्यांनी दुखणं बोलून दाखवलं. इमारत त्यांना मजबूत हवी आहे, कारण राहायचं आहे. आणि ती रिडेव्हलपमेंटलाही जायला हवी आहे, कारण मग मुलीला मोठी जागा मिळेल. म्हणजे ऑडिटमध्ये ती आज उत्तम ठरावी आणि साधारण त्यांच्या पंचाहत्तरीच्या सुमारास धोकादायक व्हावी. बरं, उंच इमारतीत ही आशाही लंगडी, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तीन-चार मजली जुन्या इमारतीवर बिल्डर उड्या मारतात, कारण वर चढवायला मजले शिल्लक असतात. इथे अठरा आधीच चढलेत. रहिवाशांना जागा देऊन बिल्डरला विकायला उरणार काय? ‘‘चार मजली बघूया मग,’’ मी म्हणालो. ‘‘तिथे लिफ्ट नसते हो,’’ ते कळवळून म्हणाले. बँकेचंही आहेच. कर्ज फिटेपर्यंत इमारत उभी राहील ना, हे बँकवाले आधी बघतात. साडूभाऊंना त्यांचं फार कौतुक. जगात आपल्यासारखा विचार करणारं कुणीतरी आहे, एवढाच आनंद.

माझं मत विचाराल तर, चाळीस वर्षं उभ्या असलेल्या इमारतीवर अविश्वास दाखवायला जितका अभ्यास लागतो, त्याच्या निम्म्या अभ्यासात तिच्यात सुखाने राहता येतं. पण साडूशी वाद घालणं म्हणजे बायकोशी घालणं. तेव्हा रस पिऊन मी गप्प बसलो.

फ्लॅट गेला. एक तरुण जोडपं आलं, दहा मिनिटं फिरलं, वायफायची रेंज कुठे येते आणि डिलिव्हरीवाल्याला वर सोडतात का एवढं विचारलं, टोकन देऊन गेलं. साडूभाऊंनी ही बातमी ‘बिचारे’ म्हणून सांगितली.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना सेक्रेटरींचा फोन. ‘‘साहेब, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे म्हणालात, त्याचं पुढे काय करायचं असतं?’’ साडूभाऊंनी फोनवरच डीम्ड कन्व्हेयन्सचा कायदा समजावला, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज कसा करायचा ते सांगितलं, आणि कागद बघायला रविवारी गेले. आता दर रविवारी जातात. सभासद नाहीत, तरी वार्षिक सभेत मागच्या खुर्चीवर बसतात आणि सिंकिंग फंडाचा विषय आला की सगळे मान वळवून मागे बघतात. फॉर्म बी वेळेवर लागतो. टाकी सफाईची तारीख खोडलेली नसते. पावसाळ्यात त्या तरुण जोडप्याच्या बेडरूममध्ये गळू लागलं, तेव्हा त्यांनीही पहिला फोन यांनाच केला. ‘‘पांढरा चौकोन ना?’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘माझ्याकडे फोटो आहे.’’

परवा जेवायला आले होते. मेहुणीने पानावर पोळी वाढता वाढता विचारलं, ‘‘त्या सोसायटीचं सगळं मार्गी लागलं. आपलं काय?’’

‘‘माहीमला एक बघायचाय,’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘पण आधी प्रभादेवीची कन्व्हेयन्स होऊ दे. अर्धवट सोडून कसं जाणार?’’