माळ्यावरचं धूड

माई, अहो जरा भिंतीपाशी या ना. कपडे नंतर वाळत घाला, पाऊस काही येत नाही आत्ता. सकाळपासून कुणाला तरी सांगायचंय म्हणून पोटात नुसतं दुखतंय.

आमच्या माळ्यावरचं ते धूड आठवतंय का? गोणपाटात गुंडाळलेलं? बिल्डरकडे किल्ल्या द्यायच्या तर माळा रिकामा करायला हवा. म्हणून ह्यांनी आणि धाकट्याने मिळून काल ते खाली उतरवलं. उतरवलं म्हणजे काय, निम्मं उतरवलं आणि निम्मं पडलं. खाली शिवणयंत्राचा ओतीव स्टँड, पायडलसकट. वर सागवानी फळी. फळीवर दोन दांड्या, एक गुळगुळीत आणि एक आटे पाडलेली. बाजूला आकडे फिरणारी डबी, ती कुठल्याशा सायक्लोस्टाइलच्या मशीनची असावी. दोन पितळी चकत्यांमध्ये दाबून बसवलेले फेल्टचे तुकडे. आणि तंबाखूच्या डब्यात दाती चाकं, प्रत्येकावर नंबर ठोकलेला. नावाची पट्टी कुठे नाही, कंपनी नाही, काही नाही. सगळं मामंजींच्या हातचं.

थांबा, विमान जाऊ दे... हं. आपल्या सांताक्रूझला दोन वाक्यं सलग बोलायची चोरी आहे बाई!

तर हे काय असावं? ह्यांचं म्हणणं शेवयांचं यंत्र. अहो, मामंजी आणि शेवया! सासूबाईंना आयुष्यात कधी विळी धार लावून मिळाली नाही त्यांच्याकडून. समोरच्या काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, चाकू-कात्र्यांना धार लावायचं. मग दगड कुठाय? शिवाय तुम्हाला सांगते, जुन्या लोकांना अजून वेगळीच शंका. रात्री आमच्या घरातून खटखट यायची ना, तेव्हा अख्ख्या वाडीत कुजबुज होती की हा माणूस नाणी पाडतो. हसू नका. तुमच्या सासूबाईच सांगायच्या सगळ्यांना, देव त्यांचं भलं करो.

त्यात धाकट्याला फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे सापडले. २३० आणि पुढे ११५०. त्याखाली ६.३ आणि पुढे ३३. मी म्हटलं संपलं, सासरे मटका लावत होते! पण समोरचे काका त्या विषयातले जाणकार. ते म्हणाले, छे, जोडी दोन आकडी, पाना तीन आकडी, ११५० ला कोण घेणार? असं त्यांनी आमच्या मामंजींना निर्दोष सोडलं.

दाती चाकांनी तर वेड लावलं. ३६ लिहिलंय म्हणून दात मोजले, तर ३६ नाहीतच. दुसरं घेतलं, त्याचाही मेळ नाही. म्हणजे नंबर दातांचा नाही. मग कशाचा?

शेवटी मी वाकोल्याच्या पुलाखालच्या त्या वाइंडिंगवाल्या भाऊंना बोलावलं. मिक्सर जळाला की आपण ज्यांच्याकडे जातो ते. त्यांनी यंत्राकडे बघितलंच नाही हो आधी. आडवे झाले, फळीखालचे आकडे वाचले आणि उठून म्हणाले, "वहिनी, हे कॉइल भरायचं मशीन. ट्रान्सफॉर्मरचं." म्हटलं कशावरून? म्हणाले, "६.३ कुणाला लागतं? व्हॉल्व्हच्या रेडिओला. व्हॉल्व्हची आतली तार तापवायला ६.३ व्होल्ट लागायचे." आणि हिशेब तिथेच मांडून दाखवला. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा गठ्ठा मधोमध ९ चौरस सेंटीमीटर असला, तर ४५ ला ९ ने भागायचं. दर व्होल्टला ५ फेरे. २३० व्होल्टला ११५०. ६.३ ला साडेएकतीस होतात, पण तारेत थोडं व्होल्टेज गळतं, म्हणून दीड फेरा जास्तीचा, ३३. माझ्या अंगावर काटा आला माई. मटक्याचे म्हणत होतो ते आकडे हे!

एकदा ते कळल्यावर बाकीचं आपोआप उलगडलं. ११५० फेरे हाताने मोजायचे, मध्येच कुणी बेल वाजवली की गेले. म्हणून ती आकड्यांची डबी. तार ढिली पडू नये, ताणून तुटूही नये, म्हणून फेल्टचा चिमटा. आणि चाकांवरचा नंबर म्हणजे तारेचा नंबर! ३० नंबरची तार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड, ३६ ची त्याहून बारीक. एक फेरा झाला की तार बरोबर आपल्या जाडीइतकी पुढे सरकली पाहिजे, तरच थर पाटावरच्या शेवयांसारखा एकाला एक लागून बसतो. म्हणून जशी तार तसं चाक बदलायचं, की आट्यांची दांडी तेवढी हळू फिरते. बघा, ह्यांच्या शेवया अगदीच वाया गेल्या नाहीत.

पण मला खरं कौतुक पुढचं. भाऊंनी बोटाने दाखवलं, बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोकं आहेत आणि दोन-दोन बोल्ट पीळ दिलेल्या तारेने एकमेकांना बांधलेत. एक सैल व्हायला लागला की तार दुसऱ्याला आवळते, त्यामुळे कुणीच सुटत नाही. म्हणाले, "हे रेडिओवाल्याचं काम नाही. हे विमानवाल्याचं. तिकडे सेफ्टी वायर म्हणतात." भाऊ मामंजींना कधी भेटलेले नाहीत, मी काही सांगितलंही नव्हतं! मामंजी ह्याच विमानतळावर इंजिनांच्या कामाला होते की. विमानाचं इंजिन हादरतं तिथे ही बांधणी लागते. शिवणाच्या पायडलला काय करायचीय? पण हाताला तीच सवय. घरातलं यंत्र कोणी केलं ते कागदावर शोधायचंच नाही, बोल्ट बघायचे. ह्यांना चाळीस वर्षांत बापाबद्दल जे बोलता आलं नाही, ते त्या परक्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं.

आणि रात्रीची खटखट कशाची ते कळलं ना? ड्युटीवरून आले की रेडिओचे ट्रान्सफॉर्मर भरायचे. मग ट्रान्झिस्टर आले, तर सेल परवडेनात म्हणून लोकांना ते घरच्या विजेवर चालवणारे एलिमिनेटर हवे झाले. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन लागलं, मग टीव्हीला स्टॅबिलायझर. तार, पत्रे सगळं लॅमिंग्टन रोडवरून. बाहेरचं मशीन आणायचं तर आयातीचा परवाना कोण देणार पगारदार माणसाला? केलं घरीच. नणंदेचं लग्न असल्या खटखटीवरच झालंय, हे मला सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं. मला वाटायचं, टोमणा आहे.

मूळचे कोल्हापूरचे ना मामंजी. त्या मातीतच आहे हे. तिथे बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव सिनेमाचा कॅमेराच करायला बसले होते. आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबूरावांनी सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ ला कॅमेरा उभा केला आणि १९२० ला ‘सैरंध्री’ काढला. हेच दामले पुढे प्रभातमध्ये. आता तो कॅमेरा भिंग काढून कुणाच्या माळ्यावर टाकला असता, तर आमच्या ह्यांनी त्यालाही शेवयांचं यंत्रच म्हटलं असतं.

आता ठेवायचं कुठे, हा प्रश्न. सीएसटी रोडचा भंगारवाला बिडाचा भाव लावून तयारच आहे. धाकटा म्हणतो, नव्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये ठेवू, वर काच टाकू. पाय ठेवायला जागा नाही त्या हॉलमध्ये, म्हणे काच टाकू! मी भाऊंना देऊन टाकणार आहे. त्यांच्या दुकानात अजून हाताने फिरवायचं मशीन आहे, हे बघून त्यांचे डोळे असे झाले होते ना... पैसे घेणार नाही, पण मिक्सर जन्मभर फुकट, हे आधीच ठरवून घेतलंय.

तुमचा पंखा? तोही विचारला मी त्यांना, अगदी तुमचं नाव घेऊन. ते म्हणाले, पंख्याची कॉइल ह्याच्यावर होत नाही, तिला फर्मा वेगळा लागतो, लाकडी, दोन फाकांचा. तसं काहीतरी माळ्याच्या मागच्या कोपऱ्यात दिसल्यासारखं वाटतंय. संध्याकाळी तुमच्या मुलाला जरा शिडी घेऊन पाठवा बरं.