मागेल त्याला एसी

समृद्धी महामार्गाला दुसरबीडचा इंटरचेंज मिळाला, तेव्हापासून गावात कधी काय उतरेल याचा नेम राहिलेला नाही. यंदा धोंड्याच्या महिन्यात एक जावई उतरले, तेही घरासकट. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या या जावईबापूंनी जुनी ट्रॅव्हलर विकत घेऊन तिच्यात पलंग, ओटा, मोरी असा संसार बसवायला काढला आहे. सुतारकाम पुण्यात उरकलं, वीज राहिली. ती सासुरवाडीत बसवून घ्यायची. मजुरी कमी पडते आणि धोंड्याच्या वाणात धरता येते.

जावई म्हणजे एका माणसाचं सरकार. मागणी वरून येते, हिशेब खालच्यांनी जुळवायचा आणि तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही. त्यामुळे बापूंनी ओसरीवर कागद उलगडला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एक टनाचा एसी, दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी, फ्रीज, दोन लॅपटॉप. एवढ्यासाठी टपावर साडेपाचशे वॅटचे दोन पॅनल, मधे एसीचं यंत्र आणि पलंगाखाली बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. कागदाच्या तळाशी ‘ग्रिडमुक्त जीवन’ असं ठळक लिहिलेलं. गावकऱ्यांनी ते आदरानं वाचलं. इकडे डीपी जळाली की अख्खी वस्ती आठ-आठ दिवस ग्रिडमुक्त जीवन जगते, पण त्याला टपावर काही बसवावं लागत नाही.

दुसरबीडला मोठ्या यंत्रसामग्रीचं नवल नाही म्हणा. जिजामाता सहकारी साखर कारखाना या गावानं चालताना पाहिला, बंद पडलेलाही पाहिला. यंत्र सुरू होतं त्या दिवशी नारळ फुटतो. हिशेब नंतर फुटतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

वायरमन मात्र जरा उद्धट निघाला. मोटार रिवायंडिंगच्या बिलाच्या पाठीवर त्यानं आकडे मांडले. “बापू, पत्र्याचं घर हाये. एसी रातभर म्हनलं तर सहा युनिट धरा. शेगडी अर्धा घंटा, एक युनिट. लॅपटॉपले एक, फ्रीजले अर्धं. झाले साडेआठ. अन् तुमचे पॅनल सपाट टपावर, धूळ खाऊन, दिवसाचे देतीन चार, लय झालं तर साडेचार.”

“पण अकराशे वॅटचे आहेत ना?” बापू म्हणाले.

हेत ना! फक्त तो आकडा पॅनलचं अंग पंचवीस अंशांवर असताना मोजलेला असतो. मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात पंचवीस अंश पाहायचे तर फ्रीज उघडावा लागतो. टपावरचं पॅनल पासष्ट-सत्तर अंशांना सहज तापतं आणि पंचविसाच्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का कमी देतं. म्हणजे ज्या दुपारी एसी सगळ्यात जास्त हवा, त्याच दुपारी सूर्य पंधरा टक्के कापून घेतो. बॅटरीचंही तसंच. बारा व्होल्ट गुणिले दोनशे म्हणजे अडीच युनिटांच्या आत-बाहेर. रात्री दहाला एसी लावला की साडेबाराच्या सुमारास बापू आपोआप ग्रिडमुक्त.

शेगडीवरून तर भांडणच व्हायचं राहिलं. दोन हजार वॅट बारा व्होल्टवर ओढायचे म्हणजे एकशे सदुसष्ट अँपिअर, इन्व्हर्टरनं खाल्लेलं धरून त्याहून जास्त. त्याला अंगठ्याएवढी जाड केबल आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज लागतो. बॅटऱ्या अठ्ठेचाळीस व्होल्टवर नेल्या तर करंट चौथाईवर येतो, असं वायरमननं सुचवून पाहिलं. बापूंनी त्याची नोंद घेतली. सरकारं घेतात तशीच.

खरी गंमत गाडी लावताना झाली. उन्हात लावली तर वीज मिळते, पण आत भट्टी होते, म्हणून एसी लागतो आणि मिळालेली वीज संपते. लिंबाखाली लावली तर एसीची गरजच राहत नाही, पण पॅनलवर फांदीची सावली पडते. एकमेकांना जोडलेल्या पॅनलांत एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पन्न धाडकन घसरतं. गावात मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. माणूस सावलीत, पॅनल उन्हात, मधे लांब वायर. त्यावर मोबाइल आणि दिवा चालतो. बापूंना हे पटलं. पण पहिल्याच दुपारी शेळीनं वायर चघळली आणि तंत्रज्ञान पुन्हा टपावर गेलं.

दरम्यान कुणीतरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. कंपनीनं बनवलेल्या गाडीत मंजुरीशिवाय फेरबदल चालत नाहीत म्हणे. बापूंनी राज्याचं 2021 चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण पुढं केलं. धोरणात कॅरॅव्हॅन पार्कही आहेत. आपल्याकडे तूर्त बाभळीखालची जागा आहे आणि ती शेळ्यांनी आधीच धरलेली आहे.

मग सासऱ्यांचं शेत आठवलं. त्यांना ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मधून दहा टक्के भरून पाच हॉर्सपॉवरचा पंप मिळालाय. पंपाची ताकद तिथं सातबाऱ्याच्या मापानं ठरते: अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच, पुढं साडेसात. पाणी कुठं बसलंय ते पाण्यानं पाहायचं. मे महिन्यात ते विहिरीच्या तळाशीही नव्हतं. म्हणजे शेतात चार हजार आठशे वॅटचे पॅनल उन्हात रिकामे उभे. वीज आहे, उपसायला पाणी नाही. आणि बांधावर जावई उभा. एसी आहे, चालवायला वीज नाही. दोन्ही योजना आपापल्या जागी शंभर टक्के यशस्वी.

“जोडून टाक इथूनच,” बापूंनी फर्मावलं. वायरमननं पक्कड खिशात घातली. “बापू, हे पॅनल रांगेनं जोडेल हाये. तीनशेच्या वर डीसी व्होल्ट. ह्याची ठिनगी पडली का इझत नाही. अन् पंपाची पाच वर्साची ग्यारंटी जाते ते येगळंच.”

सासरे इतका वेळ गप्प होते. जावयापुढं कुणी बोलत नाही आणि योजनेबद्दल तर अजिबातच नाही. त्यांनी फक्त टपाकडं पाहिलं.

अखेर तोडगा बापूंनीच काढला. तिसरं पॅनल! पन्नास टक्के उत्पन्नवाढ! पण जागा? टपावर मधोमध एसीचं यंत्र बसलेलं. बापूंनी टेप धरला, दोनदा मोजलं आणि ते यंत्र काढून तिथं पॅनल बसवायचा आदेश दिला.

वायरमननं बिलाची पाठ पुन्हा काढली. खर्च अडीच युनिट, उत्पन्न सहा. पहिल्यांदाच हिशेब जुळत होता. “वा बापू,” तो म्हणाला, “हे काहून सुचलं नाही आमाले?” आणि कुणाचा विचार बदलायच्या आत टपावर चढून त्यानं एसीचा पहिला बोल्ट सैल केला.