वांग्याआधी छत्री

चंपाषष्ठी तोंडावर आली असताना आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक रील आलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे ढोलकी. डॉक्टर दोन पावलं नाचले, थांबले आणि त्यांच्या डोक्यावर एक जांभळं वांगं उगवलं. मग कुठूनशी छत्री आली आणि त्या वांग्यावर उघडली. खाली ओळ : 'वांग्याआधी छत्री, तरच आरोग्याशी मैत्री.' तीस सेकंदांत १ डिसेंबरची, म्हणजे जागतिक एड्स दिनाची, जनजागृती उरकली.

ज्यांना कळलं त्यांना ते आधीच माहीत होतं. बाकीचे चातुर्मासभर वांग्याविना बसलेले. काकांनी विचारलं, 'जळगावची का?' आत्याने लिहिलं, 'भरिताला हिरवी घ्या, जांभळी रश्शाला.' वहिनींची शंका छत्रीपुरती होती : 'मार्गशीर्षात पाऊस सांगितलाय का?'

डॉक्टर ओळखीचे निघाले, म्हणून फोन केला. म्हणाले, 'काय करणार! तो शब्द उच्चारला की व्हिडिओ कुणाला दिसतच नाही. लिहितानाही मध्ये फुली टाकावी लागते.' म्हणजे लहानपणी शिव्या छापताना ज्या फुल्या दिसायच्या, त्या आता आरोग्याला लागल्या. मी म्हटलं, 'आजार झाला हे कसं दाखवता?' म्हणाले, 'वांग्याशेजारी आग.' 'तपासणी?' 'भिंग.' 'आणि गर्भनिरोधक गोळी?' 'चॉकलेट.' मला आमच्या मंडईतल्या भाजीवाल्याची काळजी वाटू लागली. उद्या कुणी पोरगा त्याच्यापुढे उभा राहून 'वांगं दुखतंय' म्हणाला, तर तो बिचारा फार तर बदलून देईल.

बरं, वांग्यावर छत्री उघडली, हेही मान्य. पण छत्री फाटली तर? एचआयव्हीशी संपर्क आल्याची शंका असेल, तर लागण रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि पुढे २८ दिवस चुकवायची नसतात. हे कुठल्या भाजीत सांगणार? बहात्तर भेंड्या आणि अठ्ठावीस गवारीच्या शेंगा? दोन वेगवेगळ्या आजारांची लक्षणं सांगायची तर एकाला दोडका आणि दुसऱ्याला पडवळ? पुष्कळदा लक्षणं दिसतच नाहीत, म्हणून तपासणी करायची असते. तेव्हा काय, रिकामी परडी दाखवणार? आमच्या आजीच्या पिढीला गरमी ठाऊक होती, परमा ठाऊक होता. गावात कुणाला काय झालंय हे कुजबुजत का होईना, पण नाव घेऊन सांगितलं जायचं. आता हातात जगभरची माहिती आहे आणि तोंडात भाजी.

आणि हे फुल्यांचं सोवळं नेमकं पाळतं कोण? फक्त शिकलेला डॉक्टर. रेल्वेरुळाच्या कडेची भिंत बघा. 'गुप्तरोग, नामर्दी, स्वप्नदोष, शर्तिया इलाज', हातभर उंचीची अक्षरं, चालत्या गाडीतून चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. भिंतीला कुणी फुली मारायला सांगितलं नाही. आमच्या सोसायटीची कंपाउंड भिंत आम्ही दर दिवाळीला वर्गणी काढून रंगवतो आणि तुळशीच्या लग्नाच्या आत तिच्यावर एक तंबूवाला आपला मोबाइल नंबर रंगवून जातो. सलग सहा वर्षं! दोनदा मी स्वतः ब्रश घेऊन तो नंबर पुसलाय. तोच तंबूवाला आता मोबाइलमध्येही आलाय. डॉक्टरांचं वांगं संपलं की खालोखाल 'घोड्याची ताकद' देणाऱ्या चूर्णाची जाहिरात लागते. तिला सगळ्यांना दिसायची मुभा, कारण तिने पैसे भरलेत. वसतिगृहात पांघरुणात तोंड खुपसून, घाबरून मोबाइल चाळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला खरं सांगणारा माणूस कोड्यात बोलतो आणि लुटणारा शुद्ध मराठीत. पोरगा कुणाकडे जाणार? हसू येत नाही हो याचं. चीड येते.

एके काळी छत्रीचंही नाव उघड होतं. १९६८ साली 'निरोध' कंडोम बाजारात आला तो पंधरा पैशांना तीन, चहा-साबणाच्या रांगेत, वाण्याच्या फळीवर. नाव थेट योगशास्त्रातल्या संस्कृतातलं, तरी अर्थ सगळ्या गावाला कळायचा.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मावशी निवृत्त नर्स. पिशवीत निरोधच्या पेट्या घालून वाड्या-वस्त्या पालथ्या घातलेली बाई. म्हणाली, 'अरे, वांग्यावर कसली फवारणी झालीय का? ते डॉक्टर झाकून ठेवा म्हणत होते.' मी अर्थ सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता.

'मग तसं म्हणायला त्याला काय धाड भरली होती? मेली दोन किलो आणली ना मी!'