चालू आसा, फक्त लॉक आसा

कुडाळात जुना टॅब घेण्याचे हंगाम दोन. एक दहावीच्या निकालानंतरचा, कारण अकरावी सायन्सच्या पोराला क्लासचे व्हिडिओ बघायला 'मोठा स्क्रीन' लागतो. दुसरा चतुर्थीचा. तुतारी आणि कोकणकन्या एक्सप्रेस भरभरून येतात, चाकरमानी उतरतात आणि मोदकांच्या गडबडीत कुणाच्या तरी बॅगेतून एक टॅब बाहेर निघतो. मागे एक ओरखडा, कव्हर अस्सल, किंमत सहा हजार. नव्या साध्या आयपॅडची किंमत २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांपासून सुरू होत होती. हिशेब तोंडी करता येतो, म्हणून तो सगळेच करतात.

पुढचं मार्गदर्शन त्या खरेदीदारासाठी आहे, ज्याला टॅब घ्यायचा आहे, पण तो उघडलाच पाहिजे असा ज्याचा हट्ट नाही.

सगळ्यात आधी वेळ आणि जागा. विकणाऱ्याची गाडी सुटायला अर्धा तास उरलेला असावा आणि जागा कुडाळ स्टेशनचा फलाट. घरी पडवीत बसून, चहा घेत व्यवहार केला तर खरेदीदाराला वायफाय जोडून बघण्याची बुद्धी होऊ शकते, आणि मग सगळंच फिसकटतं. फलाटावर बोलणं थोडक्यात उरकतं:

"चालू आसा मां रे?"

"चालू आसा म्हणजे? हात लावन बघ."

"बिल?"

"बिल मुंबयत रवला. पुढच्या टायमाक आणतंय."

"आणि पासवर्ड?"

"तो भावसाचो आसा. तेचो फोन लागना नाय."

अनुभवी माणूस या तिसऱ्या उत्तराला उठून चहाच्या टपरीकडे जातो. आपल्या खरेदीदाराने मात्र खिशात हात घालावा.

आता तपासणी. टॅबचं बटण दाबावं. आयपॅड पुसून कोरा केलेला असेल तर पडद्यावर 'हॅलो' येतं, मग होला, मग बोंजूर. एवढ्या भाषांत स्वागत करणारं यंत्र फसवं कसं असेल, असं मनाशी म्हणावं आणि इथेच थांबावं. पुढच्या पायरीला अजिबात जाऊ नये. कारण ती 'हॅलो'ची पाटी कुलूपबंद आयपॅडवरही तितक्याच प्रेमाने येते. यंत्र इंटरनेटला जोडलं जाईपर्यंत आपण कुणाचे आहोत हे ते सांगतच नाही. अँड्रॉइडच्या टॅबचंही तेच: स्वागत आधी, चौकशी नंतर. फलाटावर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून दोन मिनिटं दिली तर सगळं उघड होतं. म्हणून हॉटस्पॉट सुरू करू नये. डेटा वाचतो.

घरी आल्यावर वायफाय जोडावं. आता पडदा सांगतो की हा आयपॅड मालकाशी जोडलेला आहे, आणि खाली त्या मालकाच्या ई-मेलचं पहिलं अक्षर, पुढे ठिपके. 'ए' आणि ठिपके. अनिल असेल, अस्मिता असेल, अंधेरीतली एखादी कंपनीही असेल. सहा हजार रुपयांत खरेदीदाराला एका अनोळखी माणसाचं आद्याक्षर मिळालेलं असतं.

हे कुलूप आलं कुठून? अॅपलने २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर 'अॅक्टिव्हेशन लॉक' आणलं. त्या काळात न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावर फोन हिसकावण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं, की तिथले सरकारी वकील कंपन्यांच्या मागे लागले होते. गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ मध्ये आपलं कुलूप आणलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१५ पासून नव्या स्मार्टफोनमध्ये अशी सोय असणं कायद्यानेच बंधनकारक झालं. उपाय लागूही पडला: अॅपलचं कुलूप आल्यानंतरच्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्या, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये सांगितलं. चोरासाठी लावलेल्या या कुलपात पुढे साधे विसराळू लोकही अडकत गेले, हे त्या यशाच्या बातम्यांत येणं शक्य नव्हतं. चतुर्थीत विकायला निघणारा टॅब बहुधा चोरीचा नसतो. विकणाऱ्याने फक्त आपलं खातं त्यातून काढलेलं नसतं.

आणि मुख्य गोष्ट, जी दहापैकी नऊ जणांना पटत नाही: आयपॅडचं हे कुलूप टॅबच्या आत नसतंच. ते कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरवर, टॅबच्या अनुक्रमांकासमोर लिहिलेलं असतं. कोरा केलेला टॅब सुरू होताना तिकडे विचारतो, 'मी कुणाचा?' तिकडून नाव आलं की दार बंद. कोकणातल्या माणसाला खरं तर हे समजायला अवघड जाऊ नये. जमीन कुडाळात, कुंपण आपलं, काजू आपण लावलेले, पण सातबाऱ्यावर नाव बोरिवलीतल्या चुलत्याचं. फेरफार होत नाही तोवर काजू कितीही मोहोरले तरी नाव चुलत्याचंच. टॅबच्या बाबतीत निदान हिस्सेदार एकच असतो, एवढंच समाधान.

पण सातबाऱ्याचे खटले पिढ्यान्‌पिढ्या लढणारा माणूस टॅबसमोर एवढ्यावर हार मानणार नाही. तो घरगुती उपायांकडे वळतो. पहिला उपाय भाच्याचा. भाचा टॅब लॅपटॉपला जोडून, बटणं दाबून तो पुन्हा कोरा करतो, सगळे श्वास रोखून बघतात, आणि 'ए'चे ठिपके परत येतात. अँड्रॉइडमध्ये तर हाच उपाय रोग ओढवून घेतो. सेटिंगमध्ये शिरून, पिन घालून रीसेट केलं तर यंत्र समजतं की मालकानेच केलं, आणि जुनं खातं मागत नाही. बटणं दाबून बाहेरून रीसेट केलं तर त्याला चोराचा संशय येतो, आणि ते आधीचं गूगल खातं किंवा आधीचा पिन मागतं. म्हणजे गडबडीत विकणाऱ्याने बटणांनी कोरा केलेला टॅब सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि तोच सगळ्यात पक्का बंद असतो. अँड्रॉइड १५ मध्ये गूगलने हे कुलूप आणखी घट्ट केलं आहे, तेव्हा भाच्याने अभ्यासाकडे वळावं हे उत्तम.

दुसरा उपाय इंटरनेटवरचा. 'कुलूप काढून देतो' म्हणणारे प्रोग्राम पैसे आधी घेतात. काही जुन्या आयपॅडवर त्यांचा प्रयोग वरवर चालतोही. मग एखाद्या रात्री टॅब बंद होऊन पुन्हा सुरू होतो, किंवा कुणीतरी नवं अपडेट घालतं, आणि ठिपके हजर. काही प्रोग्राम कुलूप काढत नाहीत, पण लॅपटॉपमध्ये जे शिरतं तेही निघत नाही. हे पैसे टॅबच्या किमतीत धरावेत, म्हणजे घरात हिशेब देताना एकच आकडा सांगावा लागतो.

तिसरा उपाय अस्सल इथला. रविवारी सकाळी, अंघोळ करून, टॅब पाटावर ठेवावा, समोर नारळ ठेवावा आणि गाऱ्हाणं घालावं: "बा देवा कुडाळेश्वरा, ह्या लेकरान सहा हजार मोजून ह्यो टॅब घेतल्यान. तेच्यावर जो कोण 'ए' ठिपको ठिपको होवन बसलो आसा, तेका हयसर खेचून हाड, तेका पासवर्ड आठवून दी, आणि तेचो फोन लागान दी रे म्हाराजा!" बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणावं. वरच्या दोन उपायांच्या मानाने हा स्वस्त आहे. शिवाय मागणं बरोबर माणसाच्या दिशेने आहे, कारण ठिपक्यांआडच्या त्या माणसाशिवाय हे दार सहसा कुणी उघडत नाही.

'सहसा' म्हणायचं कारण, अॅपलकडे अर्ज करता येतो. त्यासाठी मूळ खरेदीचा पुरावा लागतो, आणि तो याच यंत्राचा आहे हे त्यावरून पटावं लागतं. मुंबईत राहिलेलं बिल ते हेच. फलाटावर पाठकोऱ्या कागदावर 'रु. ६०००/- पोचले' असं लिहून घेतलेली चिठ्ठी इथे उपयोगाची नाही. मालकाने टॅब 'हरवला' म्हणून नोंदवला असेल किंवा तो एखाद्या कंपनीच्या वा शाळेच्या ताब्यातला असेल, तर बिल असूनही अर्ज चालत नाही.

संस्थेच्या ताब्यातला टॅब ही वेगळीच जात. कंपन्या, बँका, शाळा कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना टॅब देतात तेव्हा त्यावर बहुतेकदा दुरून लगाम ठेवलेला असतो. कोणतं अॅप चालेल, कोणतं नाही, हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवतं. असा टॅब कोरा करून सुरू केला की नेटला जोडताच तो आपल्या संस्थेचं नाव सांगतो आणि तिच्या सर्व्हरकडे रुजू होतो. एवढी निष्ठा हल्ली कर्मचाऱ्यांत आढळत नाही. त्यामुळे टॅबच्या पाठीवर संस्थेचं बोधचिन्ह खरडून काढल्याची खूण दिसली, तर आपल्या आदर्श खरेदीदाराने तिला 'थोडा ओरखडा' म्हणावं.

आता कायदा, कारण गंभीर मार्गदर्शनात कायदा हवाच. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की, काही अपवाद सोडले तर विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडून पूर्ण पैसे मोजून घेतलेला टॅबही मूळ मालकाचाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आणखी पुढे जातं: माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निम्म्याहून निम्मी किंमत, बिल नाही, पासवर्ड नाही आणि 'भावसाचो फोन लागना नाय' हे सगळं एकत्र आलं की 'तसं मानायला कारण' म्हणजे काय ते वकिलाला फार समजावून सांगावं लागणार नाही. 'रेल्वेत सापडला' हे स्पष्टीकरणही चालत नाही. सापडलेल्या वस्तूची जबाबदारी १८७२ चा करार कायदा सापडणाऱ्यावर टाकतो, आणि गाडीत राहिलेलं सामान मालकाला परत पोचवण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाचं 'ऑपरेशन अमानत' आहे.

चोरीच्या यंत्राची खात्री करण्यासाठी केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये 'संचार साथी' हे पोर्टल देशभर खुलं केलं. केवायएम लिहून, एक जागा सोडून, यंत्राचा १५ अंकी आयएमईआय १४४२२ वर पाठवला की तो काळ्या यादीत आहे का ते कळतं. फक्त यात एक गंमत आहे. आयएमईआय सिमकार्ड चालणाऱ्या यंत्राला असतो. स्वस्तात फिरणाऱ्या टॅबमध्ये नुसत्या वायफायवाल्यांचा भरणा मोठा, आणि त्यांना हा क्रमांकच नसतो. तिथे संचार साथी गप्प. अॅपलच्या वेबसाइटवर पूर्वी अनुक्रमांक टाकून कुलूप आहे का ते बघता येत असे. ती सोय जानेवारी २०१७ मध्ये काढून टाकली गेली. थोडक्यात, टॅब हातात घेऊन, नेटला जोडून, डोळ्यांनी बघणं एवढीच खात्रीची तपासणी उरते.

काही लोकांना टॅब वापरायचाच असतो. ही मंडळी थोडी असली तरी त्यांचाही विचार करायला हवा. त्यांनी सौदा गाडीच्या वेळेपासून दूर, घरात करावा. टॅब कोरा करून आणू नकोस, चालू स्थितीत आण, असं विकणाऱ्याला आधीच सांगावं. मग आयपॅड असेल तर त्यानेच समोर बसून सेटिंगमध्ये सगळ्यात वरच्या आपल्या नावावर टिचकी मारावी, साइन आउट करावं, पासवर्ड मागेल तो घालावा, आणि त्यानंतरच सगळी माहिती पुसावी. अँड्रॉइडवर आधी गूगल खातं काढावं. सॅमसंग किंवा शाओमीचा टॅब असेल तर त्या कंपनीचं वेगळं खातंही काढावं, कारण तेही अडवू शकतं. मग रीसेट सेटिंगमधूनच. शेवटी खरेदीदाराने आपल्या हॉटस्पॉटवर टॅब सुरू करून, स्वतःचं खातं घालून, घरचा पडदा दिसेपर्यंत न्यावा. पैसे त्यानंतर. बिल असेल तर मूळ बिल, नसेल तर बिलाचा फोटो तरी मागावा. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि एवढा वेळ द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून काजूसुद्धा घेऊ नयेत.

मालक वारला असेल तर गोष्ट थोडी लांबते, पण संपत नाही. अॅपलने डिसेंबर २०२१ पासून हयातीतच 'वारस संपर्क' नेमून ठेवण्याची सोय दिली आहे. त्या नेमलेल्या माणसाकडे किल्ली असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह ती वापरून कुलूपही सुटतं. जमिनीच्या वारसनोंदीपेक्षा हे बरंच लवकर होतं.

आणि हे वाचणाऱ्या चाकरमान्यांनो, गेल्या चतुर्थीत गावात टॅब विकून परत गेला असाल आणि हल्ली कुडाळचा नंबर दिसला की फोन उचलत नसाल, तर आज उचला. तो आयपॅड असेल तर हातात असण्याची गरज नाही. मुंबईत किंवा मस्कतमध्ये बसून आयक्लाउडच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात जा, 'फाइंड'मध्ये तो टॅब निवडा, आणि तो तुमच्या खात्यातून काढून टाका.