एका नाडीचे दोन दावेदार

देवासात संगीत ही बसण्याची गोष्ट आहे. उस्ताद रजब अली खाँ इथे बसून गायले. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाने आजारी होऊन या गावात आले. काही वर्षं डॉक्टरांनी त्यांना गाण्याचीच बंदी केली होती. त्या दुखण्यातून उठले ते पुन्हा दोन तानपुऱ्यांच्या मधे बसले. आसपासच्या खेड्यांतले कबीराचे भजनी तंबुरा टेकवून रात्रच्या रात्र बसतात. आम्ही देवासकर उभे राहतो ते आरतीला, नाहीतर टेकडीवर देवीच्या दर्शनाच्या रांगेत. अशा गावात निवृत्तीनंतर मी गिटार घेतली, ती अर्थातच दिवाणावर बसून वाजवायला.

बसल्यावर गिटारीइतकं समजूतदार वाद्य नाही. तिची कंबर उजव्या मांडीवर बसते, पाठ छातीला टेकते, वरून उजव्या हाताचं वजन पडतं. ती जागची हलत नाही. डाव्या हाताला फक्त तारा दाबायच्या. शिवाय तिला किंचित मागे कलवली की पडद्यांकडे चोरून बघता येतं. माझं बहुतेक शिक्षण या चोरून बघण्यावर झालं आहे. सी, ए मायनर, एफ, जी एवढ्या कॉर्डच्या भांडवलावर मी दोन-तीन भावगीतं ओळखता येतील इतपत वाजवू लागलो होतो. तेवढ्यात धारहून भाच्याचा फोन आला.

"मामा, आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात वाजवा ना. पण उभ्याने हां! बसून वाजवून राहिले तर लोकांना वाटेल भजन चालू झालं. सतरंजीवरच झोपतील."

मी त्याला थोरांचे दाखले दिले. आंद्रेस सेगोव्हिया डाव्या पायाखाली छोटंसं स्टूल घेऊन जन्मभर बसूनच वाजवत. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, तीही बसलेल्या माणसाची. विश्वमोहन भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळालं, तेही बैठकीवरच्या वादनाला.

"मामा, काब्रा नि भट्ट आडवी ठेवून वाजवणारे. तुम्ही आडवी वाजवता का?"

"नाही."

"मग उभ्याने वाजवा."

या तर्काला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी म्हणालो, "उभं काय नि बसून काय, गिटार तर तीच!"

देवासच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. आमच्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं होती. एकच गाव, राजे दोन, वाडे दोन. स्वातंत्र्य मिळेपर्यंत हा कारभार चालला. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. गिटारीचं तसंच आहे. खुर्चीवरून उठलात की राज्य बदललं, आणि मागच्या राज्यातलं नाणं इथे चालत नाही.

उभ्याने वाजवायची तर गळ्यात पट्टा हवा. पट्टा आणला. पण माझ्या गिटारीला बुडाशी एकच खुंटी. पट्ट्याचं दुसरं टोक वरच्या बाजूला, तारा पिळायच्या कानांच्या जरा खाली दोरीने बांधायचं असतं म्हणे. दोरी घरात कुठे मिळते? मी मागच्या दोरीवर वाळत घातलेल्या एका पायजम्याची नाडी ओढून घेतली. सुती, रुंद, न घसरणारी. मी माझ्याच हुशारीवर खूश झालो.

उभा राहिलो आणि गिटारीने मान टाकली. बसल्यावर जी मांडीच्या आधाराने गप्प होती, ती आता डोक्याकडून खाली झुकायला लागली. तारा दाबायला नेमलेला डावा हात हमाल झाला. तो मान उचलून धरी. उचलून धरता धरता एफ दाबायचा. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. बसून तो कसाबसा लागे. उभ्याने त्यातून सायकलची घंटी दाबल्यासारखा आवाज आला. भाच्याच्या फोनवरच्या सल्ल्याने पट्टा लांब सोडला, कारण म्हणे गिटार मांडीपर्यंत लोंबली की रुबाब येतो. लोंबली, पण मनगट इतकं मुडपलं की बोटं तारांपर्यंत पोचेनात. पडदे बघायला वाकलो तर मधे पोट. बसलेलं असताना हेच पोट किती निमूट असतं! उभ्याने त्याने गिटारीला आपल्या उतारावर घेतलं आणि ती छताकडे तोंड करून वाजू लागली.

"अहो, बसा ना," सौ. म्हणाली. "गिटार पडली तर दुसरी घेऊ. तुम्ही पडलात तर?"

आपल्याकडे उभ्याने तंतुवाद्य वाजवत नाहीत असं मुळीच नाही. सप्ताहात विणेकरी गळ्यात वीणा घालून उभा असतो. ती खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. शाहिराच्या मागे तुणतुणेवाला अख्खा पोवाडा उभा राहतो. पण या मंडळींच्या तारा मोकळ्या वाजतात. एकदा सूर लावला की दाबादाबी नाही. गिटारीत प्रत्येक सुराला डाव्या हाताची हजेरी लागते. पूर्वजांनी उभ्याने वाजवायला कोणती वाद्यं ठेवली नि मांडीशी कोणती, याचा मी धारला जाण्याआधी विचार केला असता तर बरं झालं असतं.

देवास ते धार, इंदूरवरून, शंभरेक किलोमीटर. सकाळी भाचा मला लाट मशिदीकडे घेऊन गेला. तिथे बाहेर चौथऱ्यावर प्रसिद्ध लोखंडी स्तंभ आहे, तीन तुकड्यांत आडवा. तुकडे जोडले तर 13 मीटरच्या वर लांबी भरते. एके काळी हा उभा होता. "बघा मामा, केवढा!" भाचा म्हणाला. मी त्याच्या आडवेपणाकडेच बघत राहिलो.

सौ.ने बॅगेत कुर्ता-पायजमा भरून दिला होता. गणपतीपुढे पँटीत उभं राहायचं नाही, अशी तंबी होती. संध्याकाळी सभागृहामागच्या खोलीत कार्यकर्त्यांनी कचोरी दिली. तिची लाल चटणी पँटीवर नेमकी अशा जागी सांडली की कपडे बदलणं अटळ झालं. बॅगेतून पायजमा काढला. इस्त्रीचा, कडक, बिननाडीचा. तोच होता, दोरीवरचा.

बाहेर निवेदिका माझं नाव घेत होती. भाच्याची पँट मागण्यात अर्थ नव्हता. त्याची कंबर अठ्ठावीस, माझी सांगण्यासारखी नाही. नाडी एक, दावेदार दोन. गिटारीची सोडून पायजम्याला घालावी तर गिटार जमिनीवर, न सोडावी तर पायजमा. माणसाने अशा वेळी कलेपेक्षा अब्रू मोठी मानावी, असं आपले संस्कार सांगतात. मी कलेची बाजू घेतली. एका स्वयंसेवकाच्या बिल्ल्याची पिन काढून पायजम्याला टोचली आणि मंचावर गेलो.

पहिलं कडवं ठीक गेलं, म्हणजे एफ आला नाही. दुसऱ्या कडव्यात तो आला. मी जोर लावला, पोट आत ओढलं, आणि पिनेने हात टेकले. उजवा हात तारांवर, डावा गिटारीची मान सावरतोय, तिसरा हात देवाने दिलेला नाही. पायजमा निघाला होता. मी सरळ खाली बसलो, तबलजीच्या गादीवर, मांडी घालून, गिटार मांडीत ओढून.

आणि एफ लागला, स्वच्छ. त्या गादीवर मी जे वाजवलं तसं पुन्हा मला घरीही जमलेलं नाही. टाळ्या पडल्या. निवेदिका प्रसंगावधानी होती. "देवासचे आहेत," ती म्हणाली, "बैठकीशिवाय यांचा सूर लागत नाही." पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चक्क हात जोडले. मी जागेवरूनच नमस्कार केला. मध्यंतर होईपर्यंत उठलो नाही. पुढच्या दोन कलाकारांना माझ्याभोवतीच कार्यक्रम करावा लागला.

मंडळाने यंदाही बोलावलं आहे. पत्रिकेत माझ्या नावापुढे छापलंय: गिटारवादन (बैठकीचे).

ज्यांना उभ्यानेच वाजवायची हौस आहे त्यांच्यासाठी, जाणकारांकडून नंतर कळलेलं सांगतो. पट्टा बसल्या बसल्या घालावा आणि इतका आखूड ठेवावा की उठल्यावर गिटार जिथल्या तिथे राहील. रुबाब कमी होतो, मनगट वाचतं. मानेच्या बुडाशी दुसरी खुंटी चांगल्या कारागिराकडून बसवून घ्यावी. तोवर दोरी वापरणार असाल तर नाड्या दोन घ्या.