मोतीखान आणि मोटरबोट

विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशहा दुसरा हा आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ म्हणणारा, ‘किताब-ए-नौरस’ लिहिणारा, थोडक्यात कानाचा माणूस. त्याच्या काळात, 1613 साली, नळदुर्गात बोरी नदी अडवून बंधारा झाला. किल्ल्याला पाणी मिळाले, शेजारचा रणमंडळ किल्ला जोडला गेला, एवढ्यावर शहाणा सरदार थांबला असता. इथे बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल काढला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळत असताना आत कोरडे बसून पाणी पाहायचे आणि ऐकायचे! पाण्याचा असा उपयोग सुचणे हे सतराव्या शतकाचे मागासलेपण समजायचे. आमच्या काळात जलाशयाची योग्यता त्यावर किती अश्वशक्ती धावते यावरून ठरते. कोयनेच्या शिवसागराकाठी मुनावळ्याला 2024 साली सरकारी जलपर्यटन सुरू झाले. शेजारी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगलात हॉर्न वाजवू नये हे आपण मुलांना शिकवतो, जेट स्कीला मात्र हॉर्नच नसतो, त्यामुळे तिच्यावर आक्षेप घेता येत नाही.

नळदुर्गच्या पाण्यात तरी मोटरबोट नको, असे म्हटले की ‘एवढ्याशा बोटीचा तो काय आवाज?’ असे विचारले जाते. पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो, आणि सपाट पाणी त्याला शोषत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळी, नेमके लोक काठावर येतात तेव्हा, तो सर्वांत दूर पोचतो. डेसिबलचा हिशोबही सरळ नाही: दहाने वाढ झाली तर ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे तिकीट काढले चौघांनी आणि आवाज मिळाला साऱ्या काठाला, तोही फुकट. समाजवादाचे इतके यशस्वी उदाहरण दुसरे नसेल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. पण ती मोजायला मीटर घेऊन तळ्याकाठी कोण उभे राहणार?

दुसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पर्यटक आला तर नळदुर्गच्या चहावाल्याची चूल पेटते. पण वल्ह्याच्या नावेला माणूस लागतो. इंजिन आणण्याचा हेतूच मुळी माणसे वाचवण्याचा. बव्हेरियातल्या क्योनिगझे तलावावर 1909 पासून विजेवरच्या बोटी चालतात. तिथला नावाडी मधेच बोट थांबवून तुतारीसारखे वाद्य वाजवतो आणि कड्यावरून येणारा प्रतिध्वनी ऐकवतो. शांतता विकून पैसे मिळतात, हे त्यांना आपल्याआधी कळले. इंग्लंडमध्ये विंडरमियरवर 2005 पासून ताशी दहा सागरी मैलांची वेगमर्यादा आहे. व्यापारी आधी खूप ओरडले. पर्यटक अजूनही येतात.

‘धबधबाही आवाजच करतो ना?’ हा आक्षेप सर्वांत हुशार. करतो. पण तो पावसाळ्यापुरता, आणि तो ऐकायलाच लोक पाणी महालात उतरतात. इंजिन त्याच्यावर कडी करते, तेही बारा महिने. तेव्हा किल्ल्याच्या पाण्यात नाव सोडायची तर वल्ह्याची किंवा विजेवरची, ही अट करारात सुरक्षा जॅकेटच्या शेजारी लिहावी. घरघरीशिवाय ज्यांचा दिवस जात नाही त्यांना वाऱ्यावर सोडायचे कारण नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्ग गावालगतच आहे, आणि तिथे ऐकायला तिकीट लागत नाही.