श्री. एकात्मिक यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. एकात्मिक,
मु. पो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना

विषय : आपण अखेर सापडल्याबाबत.

महोदय,

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत आपण रुजू झालात. आमच्या अमरावती विभागातली धारणी त्यांत होती. त्यानंतर योजनेचं बारसं होऊन 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0' झालं, तरी जुन्या फलकांवर आपण टिकून आहात. फक्त भेट होत नव्हती.

परवा नातीला सोडायला अंगणवाडीत गेलो आणि दर्शन घडलं. ताईंनी एका गरोदर लेकीसमोर मोबाईल धरला होता. "वर पाय नं बाई, डोये मिचकाव." चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा आहार मिळत नाही. ती लाजून पदर पुढे ओढायची, की मोबाईलचं सगळं पहिल्यापासून. ताईंच्या दुसऱ्या हाताला वजनकाट्यावर बसायला तयार नसलेलं कार्टं लोंबकळत होतं. तोंडानं बडबडगीत सुरू होतं, कारण मागची पोरं गप्प झाली की मारामारी सुरू होते. मदतनीस खिचडी ढवळता ढवळता मीठ किती ते खुणेनं विचारत होत्या. ताईंनी मानेनं सांगितलं. हात मोकळा कुठे होता?

मग आपली कमाल ध्यानात आली. पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण-आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा. कागदावर सेवा सहा, बैठकीला अधिकारी किती तरी, आणि सगळ्यांचं एकात्म रूप म्हणजे एक बाई. वर निवडणूक आली की मतदारयादी आहेच.

आमचा वाशीम आकांक्षित जिल्हा आहे. आकांक्षा वरच्यांच्या, धावपळ ताईंची. शेलूबाजारला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंजही मिळाला. तिथे मात्र आपला वावर दिसला नाही. टोलवाला फक्त टोल घेतो, गस्तवाला फक्त गस्त घालतो. "गाडी थांबलीच आहे, तर लेकराचं वजनही करून घे," असं टोलवाल्याला कोणी सांगत नाही. तो बिचारा अजून एकात्मिक झालेला नाही.

मोबदल्यात मात्र आपण ताईंशी एकात्म होत नाही. त्याला पगार न म्हणता मानधन म्हणायचं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सांगायला 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागलं. 2017 साली मुलाच्या आहाराचा दर दिवसाला 8 रुपये ठरला, त्यात ताजं, गरम आणि पौष्टिक बसवायचं कौशल्यही ताईंचंच.

4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या ताई पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. तेव्हा अधिकारी जागेवर होते, फलक जागेवर होते, आपणही फलकावर होतात. तरी अंगणवाड्यांना कुलूप लागलं. नात रोज सकाळी दप्तर अडकवून दारात बसायची आणि विचारायची, "ताई कधी येते?" आपली चौकशी तिनं एकदाही केली नाही.

सबब विनंती, की फलकावरून आपलं नाव पुसून तिथे 'ताई' एवढंच लिहावं. रंगाची तरतूद नसल्यास काळजी नसावी. तेही काम ताईंनाच सांगता येईल.

आपला नम्र,
अंगणवाडीतल्या एका नातीचा आजा,
शेलूबाजार, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम